नव्याण्णवावर अडलेली पट्टी

"हे जमेल का हो?" असं कोणीही, काहीही विचारलं, तरी ज्याच्या तोंडून विचाराआधीच "शंभर टक्के!" बाहेर पडतं, त्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? ऑफिसात तो शंभरटक्के, इमारतीतही शंभरटक्के. नळ गळत असो, लिफ्ट अडकलेली असो, शेजाऱ्यांची मांजर कपाटावर जाऊन बसलेली असो, हा बाह्या सरसावून हजर. यातली किती कामं तडीला गेली ते मात्र विचारू नका. मांजर तर शेवटी कंटाळून आपली आपणच उतरली.

असा हा गडी एकाच माणसासमोर चाचरायचा. ते म्हणजे त्याचे सासरे. सासरे निवृत्त हेडमास्तर, आणि अख्खी गल्ली त्यांना हेडसर म्हणायची. शाळा सुटून पंधरा-सोळा वर्षं झाली तरी त्यांची हजेरी काही सुटली नव्हती. घरातली सगळी माणसं ताटावर आल्याशिवाय कोणी घास उचलायचा नाही. सगळे गाडीत बसल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. "सगळे आले?" असं हेडसर विचारत, आणि "आले" असं उत्तर मिळेपर्यंत सगळ्यांनी गपगुमान थांबायचं.

या हेडसरांना आपला जावई नेमकं काय करतो, हे अठरा वर्षांत कळलेलं नव्हतं. एकदा शंभरटक्केने समजावून पाहिलं. "बाबा, मोबाइलवर तुम्ही काही उघडलंत की एक पट्टी हळूहळू भरत जाते ना? किती सामान आलं, किती यायचंय ते दाखवते. पूर्ण भरली की पुढचं पान उघडतं. ती पट्टी मी बनवतो."

हेडसरांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे काम दुसराच कोणीतरी करतो, आणि ते किती झालं एवढंच तुम्ही सांगता?"

"तसं नाही बाबा, त्यात बरंच..."

"नाही नाही, असेल. तेही कोणीतरी करायलाच हवं."

तेव्हापासून कोणी चौकशी केली की हेडसर सांगायचे, "जावई ना? कॉम्प्युटरचं काहीतरी करतात." त्या 'काहीतरी'ने शंभरटक्केचा जीव अगदी मेटाकुटीला यायचा. बरं, हेडसर कोणाचंच कौतुक करत नाहीत म्हणावं तर तसंही नाही. मागच्या वर्षी न्हाणीघराचा नळ बसवणाऱ्या प्लंबरला त्यांनी पाठीवर थाप मारून "शाबास" म्हटलं होतं. शंभरटक्के तिथेच बादली धरून उभा होता. अठरा वर्षांत त्याच्या वाट्याला जे आलं नाही, ते प्लंबर पाऊण तासात घेऊन गेला.

त्यामुळे हेडसरांची पंचाहत्तरी इमारतीच्या हॉलमध्ये साजरी करायची ठरली, तेव्हा शंभरटक्केने जाहीर करून टाकलं, "बाबांच्या आयुष्यातले शंभर फोटो मी मोठ्या टीव्हीवर दाखवणार. आधी पट्टी येईल. एकेक फोटो आला की एकेक टक्का भरेल. शंभर भरले की अल्बम उघडेल."

बायको म्हणाली, "अहो, पेन ड्राइव्हमध्ये फोटो घालून टीव्हीला लावला तर नाही का चालणार?"

शंभरटक्के तिच्याकडे बघतच राहिला. अठरा वर्षं संसार केलेल्या बाईने हे बोलावं! "ते कोणीही करेल," तो कसाबसा म्हणाला. "मला बाबांना पट्टी दाखवायची आहे. माझी पट्टी. जमेल की नाही ते बघच."

"जमेल का?"

"शंभर टक्के!"

आता एखादी गोष्ट घरात गुपचूप करावी आणि मोकळं व्हावं. पण शंभरटक्केने ती जिन्यात सांगितली, आणि जिन्यात सांगितलेल्या गोष्टीवर सगळ्यांचा हक्क असतो. खालचे दंतवैद्य म्हणाले, पट्टी हिरवीच ठेवा, लाल दिसली की माणूस तोंड घट्ट मिटतो. त्यांचा अनुभव दांडगा, पट्टी हिरवी झाली. मग वरच्या मजल्यावरच्या नृत्यशिक्षिका खाली आल्या. त्यांनी लॅपटॉपवर पट्टी पाहिली आणि नाक मुरडलं. "ही अशी धप्पकन येते? रंगमंचावर कोणी असं येतं का? जरा एन्ट्री हवी. डावीकडून, सावकाश, डौलात यायला हवी. दोन सेकंद तरी द्या तिला."

शंभरटक्केला ते फारच पटलं. त्याने पट्टीला दोन सेकंदांचा डौल दिला. ती झुलत झुलत यायची, मध्यावर थांबायची आणि मगच मोजायला लागायची. हा डौल पुढे किती महागात पडणार आहे, याची त्या बिचाऱ्याला काय कल्पना!

मग आले सेक्रेटरी. हॉलचा टीव्ही त्यांच्या ताब्यात होता आणि अर्ज घेतल्याशिवाय ते स्वतःच्या घरचा पंखासुद्धा लावत नसावेत. अर्ज दोन पानी होता.

"कार्यक्रमाचा कालावधी लिहिलात, ठीक. या पट्टीचा कालावधी कुठे आहे?"

"तो आधी सांगता येत नाही."

"का?"

"अहो, तो सांगता येत नाही म्हणून तर पट्टी असते!"

सेक्रेटरींनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे माझ्या टीव्हीवर तुम्ही अशी वस्तू लावणार, जी किती वेळ चालेल ते तुम्हालाच ठाऊक नाही?" शेवटी 'अंदाजे दहा सेकंद, हमी नाही' असं लिहून, खाली सही करून शंभरटक्के सुटला. स्वतःच्या हाताने 'हमी नाही' लिहायची त्याच्यावर ही पहिलीच वेळ, फार लागलं ते त्याला.

कार्यक्रमाच्या आदल्या रविवारी सकाळी त्याने घरीच रंगीत तालीम घेतली. पट्टी डौलात आली. दहा, तीस, साठ, नव्वद, अठ्ठ्याण्णव, नव्याण्णव. आणि थांबली.

थांबली म्हणजे थांबलीच. चहा गार झाला, बायकोची भाजी निवडून झाली, पट्टी आपली नव्याण्णवावर. पुन्हा लावली, पुन्हा नव्याण्णव. त्याने ऑफिसातल्या सोबत्याला फोन केला. तो हसायलाच लागला. "अरे, कशाला खरं मोजत बसतोस? दहा सेकंदांत आपोआप शंभर होतील असं करून टाक. कोणाला कळणार आहे?"

शंभरटक्केचं डोकं सणकलं. "म्हणजे खोटी पट्टी?" जगातल्या निम्म्या पट्ट्या अशाच खोट्या असतात, हे त्याला ठाऊक होतं. लोक भाबडेपणाने त्यांच्याकडे बघत बसतात आणि त्या नुसत्या घड्याळाकडे बघून पुढे सरकत असतात. पण इतक्या वर्षांत त्याने एकही खोटी पट्टी केली नव्हती, आणि पहिली काय सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला करायची? त्याने फोन ठेवला, आणि नेमके त्याच वेळी हेडसर दारात उभे.

ते पाहुण्यांची यादी द्यायला आले होते. सुबक अक्षरात, अनुक्रमांक घालून, साठ ओळी. एकोणसाठ नावं, आणि साठाव्या आकड्यापुढे काहीच नाही. बायकोने ती रिकामी ओळ पाहिली. हेडसरांची नजर लॅपटॉपवर गेली.

"नव्याण्णव. कोण आलं नाही?"

शंभरटक्के उठून उभा राहिला. शाळेत फळ्यापाशी बोलावल्यावर व्हायचं तसं त्याचं झालं. "बाबा, त्याचं असं आहे. मी शंभर फोटोंना बोलावणं धाडतो. प्रत्येक फोटो पोचला की 'आलो' म्हणून कळवतो. त्यानं कळवलं की मी एक वाढवतो. शंभर झाले की दार उघडतो."

"आणि जो येणारच नाही, तो काय कळवतो?"

शंभरटक्केने लॅपटॉपवरच्या ओळी चाळल्या. खरं तर तोही कळवतो. फोटो जागेवर नसला, फाटका निघाला, तर 'येऊ शकत नाही' असा निरोप तितक्याच इमानदारीत येतो. पण तो निरोप ऐकायला त्याने कोणाला बसवलंच नव्हतं. त्याची सगळी माणसं 'आलो' ऐकायला.

"अहो जावईबापू," हेडसर म्हणाले, "पोरं सगळी हजर असली म्हणजे हजेरी पूर्ण झाली असं नसतं. प्रत्येक नावापुढे काहीतरी लागलं की ती पूर्ण होते. हजर तर हजर, नाहीतर गैरहजर. तुमच्या हजेरीत गैरहजर लावायची सोयच नाही? मग तुमची शाळा जन्मात भरायची नाही."

ज्या माणसाला मोबाइलवर फोटो मोठा करता येत नाही, त्याने उभ्या उभ्या चूक काढली होती. शंभरटक्केने मुकाट्याने खाली बसून दुरुस्ती केली. आला तरी एक, नाही आला तरी एक, आणि न आलेल्याचं नाव खाली बारीक अक्षरात. पट्टी पुन्हा लावली. शंभर भरले, अल्बम उघडला आणि खाली अक्षरं उमटली: 'गैरहजर: शिडीचा फोटो'.

हेडसरांचा चेहरा एकदम उतरला. "हा कोणी घातला यादीत?"

"मी," बायको म्हणाली. "काकांकडे एकच प्रत आहे. मागितली आहे."

आता हे काका म्हणजे हेडसरांचे धाकटे भाऊ. त्यांचा फोटो स्टुडिओ होता. घरातले सगळे फोटो त्यांनीच काढलेले, म्हणून एकाही फोटोत ते नाहीत. फक्त स्टुडिओ उघडला त्या दिवशीच्या एका फोटोत आहेत. तरुण काका शिडीवर चढून पाटी लावताहेत आणि तरुण हेडसर खाली शिडी घट्ट धरून उभे आहेत.

नऊ वर्षांपूर्वी काकांनी तीच शिडी पुन्हा नेली, दोन दिवसांसाठी म्हणून. तीन महिने झाले तरी परत केली नाही. हेडसरांनी सरळ मागावी की नाही? तर पालकांना धाडतात तशी चिठ्ठी धाडली, 'आपल्या निष्काळजीपणाची नोंद घेण्यात आली आहे.' काका दुखावले. म्हणाले, दादाने स्वतः येऊन मागितली तर देईन. हेडसर म्हणाले, नेणाऱ्याने आणून द्यावी. दोन शहाण्या माणसांनी एका शिडीपायी नऊ वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नाही.

"लावा गैरहजर," हेडसर म्हणाले आणि चहा न घेताच निघून गेले.

शंभरटक्के हिरमुसला. "बघितलंस? पट्टी चालली, तरी शाबास नाही."

बायकोचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. ती यादी बघत होती. "बाबांनी कधी रिकामी ओळ सोडलेली पाहिलीय तुम्ही?" असं म्हणत तिने पेन घेतलं, साठाव्या आकड्यापुढे 'काका' लिहिलं आणि फोन उचलला. काका एवढंच म्हणाले, "बघतो."

कार्यक्रमाच्या दिवशी पाच वाजता शंभरटक्केने हॉलमध्ये शेवटची तालीम घेतली. मंचाच्या कोपऱ्यात पडद्यामागे कोणीतरी शिडीवर उभं होतं, नुसते बूट दिसत होते. पडदेवाला असणार. शंभरटक्केने वर न बघताच टीव्हीची लोंबणारी वायर त्याच्याकडे दिली. "अहो, ही जरा वर धरून ठेवता का? पायात येते." वरून एक हात आला आणि वायर घेतली. पट्टी डौलात आली, नव्याण्णव फोटो हजर, एक गैरहजर, अल्बम उघडला. सेक्रेटरींनी घड्याळ लावून पाहिलं, अकरा सेकंद. "अर्जात दहा लिहिलंय," ते म्हणाले.

साडेपाचला बायको यादी घेऊन दारात उभी राहिली. सहाला हॉल भरला. हेडसर नव्या सदऱ्यात पहिल्या रांगेत. "सगळे आले?"

"एकोणसाठ आले, बाबा. एक यायचाय."

कोण यायचाय, हे हेडसरांनी विचारलं नाही. "मग थांबू," एवढंच म्हणाले.

पाच मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली. पोरं चुळबुळायला लागली, केकवरचा गुलाब एका बाजूला कलला. हेडसर दर मिनिटाला मान वळवून दाराकडे बघत आणि मग आपण पंख्याकडे बघत होतो असं दाखवत. बायकोला ते बघवेना. ती नवऱ्याच्या कानाशी लागली, "तुमचं ते सुरू करा बरं. तेवढाच त्यांचा जीव रमेल."

"शंभर टक्के!" शंभरटक्के मंचावर गेला, घसा साफ केला, पट्टीचं महत्त्व चार वाक्यांत सांगितलं आणि बटण दाबलं.

पट्टी आली, डावीकडून, झुलत झुलत, दोन सेकंदांच्या डौलात. नृत्यशिक्षिकांनी टाळी वाजवली. मध्यावर येऊन पट्टी थांबली. शून्य.

सगळ्यांनी वाट पाहिली. शून्य. आणि मग पट्टी किंचित हलली. एक टक्का! हॉलमध्ये कोणीतरी "वा!" म्हणालं. त्यानंतर काही नाही. साठ माणसांसमोर, सेक्रेटरींच्या टीव्हीवर, शंभरटक्के एका टक्क्यावर उभा होता.

"जावईबापू," पहिल्या रांगेतून आवाज आला, "आज कोण आलं नाही?"

एरवी त्याला ते टोचलं असतं. पण तेवढ्या वेळात त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. पाचच्या तालमीत आलेले फोटो कॉम्प्युटरने आपल्याजवळ ठेवून घेतले होते. या वेळी त्यांना बाहेरून यायचंच नव्हतं. बोलावणं गेल्याबरोबर ते पोचले, आणि पट्टी तेव्हा डावीकडून झुलत येत होती. नव्याण्णव जणांनी 'आलो, आलो' म्हणून सांगितलं आणि ऐकायला दारात कोणीच नव्हतं.

"बाबा, सगळे आलेत!" तो मंचावरून ओरडलाच. "केव्हाचेच आलेत! मीच दारात उशिरा उभा राहिलो. माझ्याआधी जे आले, त्यांची हजेरी मी लावलीच नाही!"

दारातली बायको हातातल्या यादीकडे बघत राहिली. मग तिने सेक्रेटरींना हाक मारली. "सेक्रेटरीसाहेब, मी साडेपाचला इथे उभी राहिले. त्याआधी हॉलमध्ये कोण आलं होतं?"

"कोण येणार? तो पडदेवाला तेवढा. चार वाजता आला, स्वतःची शिडी घेऊन. कामगार-प्रवेशाचा अर्ज भरून घेतलाय मी त्याच्याकडून. पडद्याची दोरी निसटली होती, तीही लावून घेतली."

"आम्ही पडदेवाला बोलावलाच नाही," बायको म्हणाली.

साठ माना पडद्याकडे वळल्या. शंभरटक्केने पडदा बाजूला केला. शिडीच्या वरच्या पायरीवर, एका हातात टीव्हीची वायर आणि दुसऱ्या हातात मोबाइल घेऊन, धाकटे काका उभे होते. वर्षं नऊ गेली होती, केस गेले होते, शिडी तीच होती.

"शिडी परत करायला आलो होतो," काका चोरट्यासारखं म्हणाले. "या दोघांनी कामाला लावलं. मग दादा आलेला दिसला आणि उतरायचा धीरच होईना. फोटो तेवढा इथूनच पाठवला."

"आणि मी तो दारातूनच, मोबाइलवरून अल्बममध्ये घातला," बायको म्हणाली.

म्हणजे तो एक टक्का काकांचा होता. काकांनी लहान फोटो आयुष्यात काढला नव्हता. तो अवाढव्य फोटो धापा टाकत सगळ्यांच्या मागून आला, आणि म्हणूनच तेवढा मोजला गेला.

हेडसर उठले. सावकाश मंचाच्या पायऱ्या चढले, शिडीपाशी गेले आणि दोन्ही हातांनी तिचे खांब धरले.

"किती वेळ उभा आहेस?"

"चारपासून."

"गाढवा, पाय दुखले असतील. उतर. धरलीय मी."

काका उतरले. वायर अजून हातातच होती. पुढे काय झालं ते सांगत बसत नाही. दोघं रडले, आणि आपल्याला सर्दी झाली आहे असं दोघांनीही सांगितलं.

तोवर शंभरटक्के लॅपटॉपवर वाकला होता. आधी दारात उभं राहायचं, मग बोलावणं धाडायचं. दोन ओळींची अदलाबदल, बस. डौलही काढून टाकला. नृत्यशिक्षिका पुढे महिनाभर त्याच्याशी नीट बोलल्या नाहीत. त्याने बटण दाबलं, आणि पट्टी एका दमात शंभरावर गेली. खाली बारीक अक्षरात उमटलं: 'गैरहजर: कोणी नाही'.

हेडसर ती ओळ बराच वेळ वाचत राहिले. शंभरटक्के हात बांधून उभा होता, पाठ जराशी पुढे करून. पण पाठीवर थाप पडली नाही. हेडसर भावाचा हात धरून शेजारच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "सगळे आले. कापा तो केक."

झालं. शंभरटक्के वायर गुंडाळायला लागला. एवढं करून हाती काय, तर सेक्रेटरींची तक्रार, की पट्टी एका सेकंदात संपली आणि अर्जात दहा लिहिले होते.

मागे दोघे भाऊ बोलत होते. काकांनी विचारलं, "दादा, जावई हुशार निघाले रे. काय करतात नेमकं?"

शंभरटक्केने डोळे मिटून घेतले. ते 'काहीतरी' ऐकायची त्याची तयारी होती.

"हजेरी घेतात," हेडसर म्हणाले. "मास्तर आहेत, माझ्यासारखेच."